स्टेजच्या कडेकडे बघ

प्रिय,

नाव मुद्दाम घातलं नाही. हे पत्र तू तुमच्या क्रूच्या ग्रुपवर टाकणार हे मला ठाऊक आहे. मग तुझे साहेब मला फोन करणार, काय हो, पोरीला काय शिकवताय म्हणून. त्यापेक्षा बिननावाचंच असू दे.

रात्री दीडला पाठवलेला तुझा निरोप सकाळी चहा घेताना वाचला. फिल्म संपली, झोप येत नाही, पण गाणी काय वाजवतात काका! दोन्ही कबूल. ‘गिमी शेल्टर’, रोलिंग स्टोन्स या बँडच्या १९६९च्या अमेरिका दौऱ्यावरची ती माहितीपट फिल्म, पहिल्यांदा बघून ज्याला शांत झोप लागते त्याने आपल्या धंद्यात येऊच नये. पण खरं सांगू? तू ती अजून बघितलेली नाहीस. तू त्यांचा गायक मिक जॅगर बघितलास, टीना टर्नर बघितलीस आणि शेवटी तो सुरा बघितलास. पहिल्या खेपेला सगळे तेवढंच बघतात. मीही तेवढंच बघितलं होतं, दादरला एका मित्राच्या घरी, कॉपीवरून कॉपी काढलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. अर्धा वेळ चित्रावरून पांढऱ्या रेघा धावत होत्या आणि मित्राची आई मधेमधे येऊन आवाज बारीक करून जात होती.

आता बारा दिवसांनी तू पहिल्या दौऱ्यावर निघते आहेस. कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, शेवटी पणजी. तेरा माणसांचा क्रू, त्यात तू सगळ्यात लहान. म्हणून म्हणतो, निघायच्या आधी आणखी एकदा बघ. या खेपेला आवाज त्या माउलीसारखा बारीक कर आणि गाणाऱ्याकडे बघूच नकोस. स्टेजच्या कडेकडे बघ.

आल्टामाँटचा, म्हणजे दौऱ्यानंतरच्या त्या फुकट कार्यक्रमाचा, भाग सुरू झाला की कड पुढच्या रांगेतल्या माणसांच्या कुठवर येते ते बघ. जेमतेम तीन-चार फुटांचं स्टेज. पुढे उभा असलेला माणूस त्यावर कोपर टेकून उभा राहू शकतो, पानपट्टीच्या टपरीवर टेकतो तसा. आपल्या शाळांच्या गॅदरिंगलासुद्धा याहून उंच स्टेज घालतात. आणि समोर माणसं किती? तीन लाखांच्या आसपास. तेव्हा जगातला सगळ्यात मोठा म्हणवणारा बँड, आणि त्याच्या नि तीन लाखांच्या मधे एका कोपराचं अंतर.

आता तू विचारशील, इतके मूर्ख होते का ते लोक? नव्हते. तीच तर गोम आहे.

रोलिंग स्टोन्सचा १९६९चा अमेरिकेचा दौरा ७ नोव्हेंबरला सुरू झाला आणि ३० नोव्हेंबरला फ्लोरिडात संपला. तीन वर्षांनी ते अमेरिकेत दौरा करत होते. ब्रायन जोन्स जुलैत वारला होता, मिक टेलर हा विशीतला पोरगा त्याच्या जागी गिटार वाजवत होता. स्टेजची आणि दिव्यांची बाजू चिप माँककडे. वुडस्टॉकच्या त्या प्रचंड संगीत महोत्सवाचे दिवे ज्याने केले आणि वुडस्टॉकच्या माइकवरून ज्याचा आवाज तू ऐकलायस, तोच हा. म्हणजे नवशिका नव्हे, त्या काळातला या कामातला सगळ्यात जाणता माणूस. फिल्मच्या पहिल्या अर्ध्या भागात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे प्रयोग आहेत, २७ आणि २८ नोव्हेंबरचे. तिथे बघ, सगळं कसं जागच्या जागी आहे. उंची आहे, अंतर आहे, कडेला उभ्या माणसांना आपलं काम काय ते माहीत आहे. लोक तिथेही वेडे झालेत, पण त्यांचं वेड स्टेजच्या कडेला येऊन थांबतं. आठ-नऊ दिवसांनी तेच गाणारे, तीच गाणी, तोच चिप माँक. बदलली ती जागा.

दौऱ्याची तिकिटं महाग ठेवली म्हणून वर्तमानपत्रांतून टीका झाली होती. त्यावर उतारा म्हणून शेवटी एक फुकट कार्यक्रम करायचं ठरलं. आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कचं नाव होतं, ते बारगळलं. मग शहराच्या उत्तरेला सिअर्स पॉइंट नावाचा मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक ठरला. तिथे स्टेज चढावर येणार होतं, लोक खाली. म्हणजे लोकांना वर यायचं तर टेकडी चढून यावं लागणार. अशा ठिकाणी तीन-चार फुटांचं स्टेज चालतं, कारण बाकीची उंची डोंगर देतो. हिशोब बरोबर होता. स्टेज त्या हिशोबाने बांधलं.

आणि मग जागेच्या मालकांशी फिसकटलं. पैशांवरून आणि फिल्मच्या हक्कांवरून. कार्यक्रम शनिवारी, ६ डिसेंबरला. नवी जागा नक्की झाली तेव्हा दोन दिवसही उरले नव्हते. कॅलिफोर्नियातल्याच ट्रेसी आणि लिव्हरमोर या गावांच्या मधल्या उजाड टेकड्यांतला आल्टामाँटचा ट्रॅक. रातोरात सगळं सामान उचलून तिथे नेलं. माणसं जागून राबली. पण इथे स्टेज उताराच्या तळाशी आलं. डोंगर आता लोकांच्या बाजूने झाला. मागच्याने नुसता पाय सैल सोडला तरी पुढचा स्टेजवर येणार. पाणी उताराकडे जातं, गर्दीही जाते, यात कुणाचा स्वभाव बघावा लागत नाही.

स्टेज तेच होतं, आणि चुकीचं झालं होतं.

हे मी तुला सांगतोय ते मला पुस्तकातून कळलेलं नाही, पण त्यावर नंतर येतो. आधी वकिलाच्या कचेरीतला प्रसंग पुन्हा बघ. तुला तो कंटाळवाणा वाटला असणार, तू बहुतेक त्या वेळी फोन बघत होतीस. मेल्विन बेली नावाचा नामांकित वकील, केनेडींच्या खुनातल्या आरोपीला गोळी घालणाऱ्या जॅक रुबीची केस लढवलेला, टेबलामागे ऐसपैस बसलाय. फोन स्पीकरवर टाकलाय. खोली माणसांनी भरलेली. ट्रॅकचा मालक खूश आहे, कारण त्याच्या जागेचं नाव होणार. गाड्या कुठे लावायच्या यावर वाद चाललाय. सगळे हसतायत. त्या खोलीत दिवसाउजेडी, खुर्चीवर बसून, सगळं ठरलं. सुरा दोन दिवसांनी दिसतो, पण मला विचारशील तर फिल्ममधला सगळ्यात भीतीदायक प्रसंग हाच. कारण त्या खोलीत इतकी माणसं आहेत, आणि आपल्याला दिसतं त्यात स्टेजची उंची कुणी विचारत नाही. विचारण्याचं काम ज्यांचं, ते तिकडे खिळे ठोकत असणार. तुझ्यासारखे.

आणि बँड कुठे होता? २ ते ४ डिसेंबर ते अलाबामात, मसल शोल्सच्या स्टुडिओत गाणी रेकॉर्ड करत होते. फिल्ममध्ये तो तुकडा आहे, आणि त्याच्याइतकं सुंदर दृश्य मी गाण्यांवरच्या कुठल्याच फिल्ममध्ये बघितलेलं नाही. कुणी काही करत नाही. नुकतंच केलेलं गाणं स्पीकरवर वाजतंय आणि सगळे ऐकतायत. गिटारवाला कीथ रिचर्ड्स डोळे मिटून आडवा. कॅमेरा त्याच्या बुटांवर जातो. मग चार्ली वॉट्सच्या चेहऱ्यावर येतो आणि थांबतो. चार्लीला कळतं की कॅमेरा आपल्याकडे बघतोय. तो नजर देतो, काढून घेतो, पुन्हा देतो. ड्रमरचा चेहरा, हातात काठ्या नाहीत, स्वतःचंच वाजवलेलं तिऱ्हाईतासारखं ऐकतोय. साउंडवाल्याने कसं ऐकावं हे शिकवायचं झालं तर मी एवढंच दाखवीन. पण त्याच वेळी तीन हजार किलोमीटरवर जागेचा घोळ चाललेला होता. गाणाऱ्यांना त्यातलं किती माहीत होतं कुणास ठाऊक. तुझ्या दौऱ्यातल्या गाणाऱ्यांनाही माहीत नसेल. त्यांना माहीत असावं अशी अपेक्षाही धरू नकोस, त्यांचं काम वेगळं आहे.

आता त्या हेल्स एंजल्सबद्दल. मोटारसायकलवाल्यांच्या टोळीला बंदोबस्त दिला, पाचशे डॉलरच्या बिअरवर. हे वाक्य ऐकलं की सगळे हसतात. मी हसत नाही. कारण आपल्याकडे काय चालतं ते मी बघितलंय. गावातल्या मंडळाची पोरं, छातीवर बिल्ला, हातात शिट्टी, मोबदला म्हणजे टी-शर्ट आणि रात्रीची बिर्याणी. पोरं वाईट नसतात. पण ती कुणाला बांधील असतात? मंडळाच्या अध्यक्षाला, तोही त्या वेळी स्टेजवर सत्कार घेत असतो. स्टोन्सच्या माणसांना तरी वाटलं होतं की आपण हे करून बघितलंय. जुलैत लंडनच्या हाइड पार्कात त्यांचा मोठा फुकट कार्यक्रम झाला होता आणि तिथेही ‘एंजल्स’ होते. फक्त ते नावापुरते, चामड्याची जाकिटं घालून मिरवणारे इंग्रज पोरगे. नाव तेच, माल वेगळा. मागच्या गावात चाललं म्हणून इथे चालेल, हे वाक्य दौऱ्यात तुला रोज ऐकू येईल. ते जेव्हा ऐकू येईल तेव्हा हाइड पार्क आठव.

या एंजल्सनी आपल्या गाड्या कुठे लावल्या बघ. स्टेजच्या पुढ्यात. ज्या जागेत रिकामी हवा असायला हवी तिथे प्रत्येकाचा जीव की प्राण असलेली मोटारसायकल. तीन लाखांच्या रेट्यात एखादी गाडी पडणारच. पडली. मग बिलियर्डच्या जड काठ्या निघाल्या. दुपारी जेफरसन एअरप्लेन हा बँड वाजवत असताना त्यांचा गायक मार्टी बॅलिन एकाला वाचवायला मधे पडला, त्यालाच मारून बेशुद्ध केलं. ग्रेटफुल डेड या दुसऱ्या बँडची मंडळी हेलिकॉप्टरने आली, ही बातमी ऐकली आणि न वाजवता परत गेली. हा छोटासा तुकडा आहे फिल्ममध्ये. त्यांच्या जेरी गार्सियाचं तोंड बघ. त्यांना दोष देणारे आहेत, मी देत नाही. पण ते गेले आणि स्टोन्स अंधार पडेपर्यंत वर आले नाहीत. शेवटचा तो बराच वेळ थंडीत, नशेत, रिकाम्या स्टेजसमोर तीन लाख माणसं एकमेकांवर रेलून उभी. रिकामा वेळ हीसुद्धा स्टेजची एक उंचीच आहे, ती कमी पडली की माणसं वर चढतात.

स्टोन्स गायला उभे राहतात तेव्हा स्टेजवर किती माणसं आहेत ती मोज. मी प्रयत्न केला, जमलं नाही. गाणारा मधे एवढ्याशा गोलात नाचतोय. मधेच एक कुत्रं स्टेजवरून आरामात चालत जातं. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता त्या कुत्र्याकडे बघून पोटात गोळा येतो. ज्या स्टेजवर कुत्रं फिरू शकतं त्या स्टेजला कड राहिलेलीच नाही.

मेरेडिथ हंटर अठरा वर्षांचा होता. हिरवा सूट घालून मैत्रिणीबरोबर गाणी ऐकायला आला होता. त्याने पिस्तूल काढलं, एका एंजलने त्याला सुऱ्याने भोसकलं. पुढे खटला चालला, ज्यूरीला हेच चित्रण दाखवलं गेलं आणि १९७१ साली स्वसंरक्षण म्हणून तो एंजल, अॅलन पासारो, सुटला. त्या दिवशी एकूण चार माणसं गेली. दोघांना गाडीने चिरडलं, एक कालव्यात बुडाला. त्या तिघांबद्दल कुणी लिहीत नाही.

साठच्या दशकाचा अंत, स्वप्नाचा चक्काचूर, असले लेख मी इतके वाचलेत की आता कंटाळा येतो. नशा होती, पिस्तूल होतं. काळ्या मुलाबरोबर गोरी मुलगी बघून डोकं फिरलेले तिथे होते, असंही म्हणतात. सगळं खरं असेल. पण त्यातलं तुझ्या-माझ्या हातात काय आहे? आपण दशकं थांबवणारी माणसं नव्हे. आपल्या हातात स्टेजची उंची आहे, कडेपासून कठड्यापर्यंतची मोकळी जागा आहे, किती गेट आणि ती कुठे उघडतात एवढं आहे. स्टेज आणखी दोन हात उंच असतं नि पुढे दहा फूट रिकामे असते, तर कदाचित ते दशक कॅलेंडरप्रमाणे संपलं असतं.

आता माझं सांगतो. हे मी तुझ्या काकूलाही नीट सांगितलेलं नाही.

१९९६ साल. मराठवाड्यातलं तालुक्याचं एक गाव, नाव नको. मी एका ऑर्केस्ट्राबरोबर साउंडवर होतो. कार्यक्रम मैदानात ठरला होता, पण आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडला आणि चिखल झाला. सकाळी जागा बदलली. तिन्ही बाजूंनी भिंती असलेलं एक आवार, आत यायला एकच दरवाजा. मैदानावर उंच मांडव घालणार होते, तो भिजलेला, तेव्हा कुठून तरी लेव्हली, म्हणजे जोडून स्टेज करायचे बुटके चौथरे, आणून टाकल्या. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो. कड माझ्या मांडीला लागत होती. मला आठवतंय, मी मांडीवर हात ठेवून दोनदा मोजलं. पुढे बांबूचा कठडा, सुतळीने बांधलेला, स्टेजपासून हातभर अंतरावर. आणि माझे स्पीकरचे बॉक्स, एकावर एक तीन, बरोबर कडेला.

मला कळलं होतं. हे लक्षात घे, मला कळलं होतं. पण आयोजक सकाळपासून सगळ्यांवर डाफरत होता, माझे मागच्या दोन कार्यक्रमांचे पैसे त्याच्याकडे अडकले होते आणि तेवढ्यात चहा आला. मी चहा घेतला.

तिसऱ्या गाण्याला मागून रेटा आला. बांबू मोडल्याचा आवाज मला मॉनिटरमधून ऐकू आला, माइकने तो उचलला होता. डावीकडचे बॉक्स खाली गेले. दोघांना लागलं. त्यातल्या एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या खांद्याचं हाड मोडलं. जीव वाचले, कारण दरवाजाशी उभ्या चहावाल्याने आपली गाडी ढकलून वाट मोकळी केली. त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर तो मुलगा बापाबरोबर उभा दिसला, हात गळ्यात बांधलेला. तो मला ओळखत नव्हता. मी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं आणि गाडी येईपर्यंत तसाच बसलो.

पैसे मिळाले पुढे. पूर्ण नाही मिळाले.

म्हणून तुला सांगतो ते ऐक. रेकीला, म्हणजे जागा बघायला, जाताना टेप घेऊन जा. फोनमधलं अॅप नको, खरी लोखंडी टेप, पाच मीटरची, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. स्टेजची उंची मोज. कठडा स्टेजपासून किती लांब ते मोज. दरवाजे मोज आणि ते आत उघडतात की बाहेर ते बघ. मग जमीन कुठल्या बाजूला उतरते ते बघ, बाटलीतलं पाणी सांडून बघितलंस तरी कळतं. स्टेज उताराच्या तळाशी असेल तर जेवण नंतर.

आणि हे सगळं आकड्यांत ग्रुपवर लिही, फोटोसकट. ‘मला जरा धोकादायक वाटतंय’ असं लिहिलंस तर कुणीतरी हसण्याची इमोजी टाकेल आणि विषय संपेल. तू सगळ्यात लहान, त्यातून मुलगी. तुझ्या वाटण्याला तिथे किंमत नाही, वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्याही नव्हती. पण ‘स्टेज ३ फूट २ इंच, कठडा ४ फुटांवर, दरवाजा एकच आणि आत उघडतो’ असं लिहिलंस की त्यावर हसता येत नाही. तो आकडा वाचलेल्या प्रत्येकाच्या नावावर जमा होतो. साहेबांनाही ते कळतं, म्हणून ते चिडतील. चिडू दे. कार्यक्रम शनिवारी असेल तर हे गुरुवारी लिही. शनिवारी रात्री आठला तू कितीही ओरडलीस तरी समोर बारा हजार वॉटचा आवाज चाललेला असतो. आल्टामाँटला खुद्द जॅगर माइकवरून विनवत होता, सगळ्यात मोठा आवाज त्याच्याच हातात होता, काय झालं?

चिप माँकची एक गोष्ट सांगतात. कार्यक्रमानंतर एंजल्स स्टेजवरचं कार्पेट घेऊन चालले होते. हा अडवायला गेला, तोंडावर काठी बसली, दात गेले. पुढे त्याने त्या माणसाला शोधून काढलं आणि ब्रँडीच्या बाटल्यांची एक पेटी देऊन कार्पेट परत आणलं. मला हा माणूस अतिशय आवडतो. सामानावर असा जीव असल्याशिवाय हे काम होत नाही. पण कार्पेटसाठी दात देऊ नकोस. केबल, माइक, स्टँड, जे जाईल ते जाऊ दे, यादीत लिही आणि मोकळी हो. तुझ्या आईला मी तुझी जबाबदारी घेतलीय असं सांगून बसलोय.

राहिली ती एडिटिंगची खोली. फिल्म करणारे तिघं. आल्बर्ट मेझल्स कॅमेऱ्यावर, भाऊ डेव्हिड आवाजावर, आणि शार्लट झ्वेरिन संकलक, तिचं नाव दिग्दर्शकांत आहे. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, कुणी पडद्याआडून अर्थ सांगत नाही. आल्टामाँटला त्यांचे बरेच कॅमेरे होते. त्यातल्या एका कॅमेऱ्यावर जॉर्ज लुकास नावाचा पोरगा होता, ज्याने पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ केली. पण हे सगळं चित्रीकरण घेऊन बसल्यावर यांना कळेना की याची गोष्ट कशी सांगायची. जॅगर आणि वॉट्सना एडिटिंगच्या टेबलाशी बसवून त्यांनाच ते दाखवायचं आणि ते बघत असताना त्यांचं चित्रण करायचं, ही कल्पना झ्वेरिनची. म्हणून फिल्म सुरुवातीपासूनच मागे वळून बघते. आपल्याला आधीच माहीत असतं की काहीतरी घडलंय. मॅडिसन स्क्वेअरचं प्रत्येक गाणं आपण त्या सावलीत ऐकतो. एका माणसाच्या मरणावर फिल्म विकली असा आरोप त्या काळात बड्या समीक्षकांनी केला. ६ डिसेंबर १९७०ला, बरोबर वर्षाने ती न्यूयॉर्कला लागली, त्यावरूनही बोललं गेलं. तारखेचं मलाही खटकतं. पण त्या टेबलाशिवाय ती फिल्म नुसती बातमी झाली असती.

जॅगर तो क्षण पुन्हा दाखवायला सांगतो. डेव्हिड चक्र मागे फिरवतो, थांबवतो. मैत्रिणीच्या फिकट, विणलेल्या कपड्यावर पिस्तुलाची काळी आकृती दिसते. हे स्टेजवरून कुणाला दिसलं नव्हतं. कॅमेरा धरलेल्या माणसालाही त्या क्षणी उमगलं असेल असं मला वाटत नाही. टेबलाशी बसल्यावर दिसलं. मग जॅगर उठतो आणि जाताना त्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळलेला असताना चित्र थिजतं. त्या चेहऱ्यावर काय आहे यावर आम्ही मित्र दादरला रात्री दोनपर्यंत भांडलो होतो. मला तिथे अपराधीपणा दिसतो. दुसऱ्याला नट दिसला. तू ठरव.

पण तेवढ्यासाठी तुला सांगतो, प्रत्येक प्रयोगानंतर रेकॉर्डिंग बघ. गाडीत सगळे झोपतात तेव्हा हेडफोन न लावता बघ. फक्त पहिल्या चार रांगा बघ. कोण कुठे दाबला गेला, कुठल्या गाण्याला, कठडा किती हलला. मी त्या १९९६च्या रात्रीची कॅसेट दोन वर्षांनी बघितली, कुणाकडे तरी होती. रेटा तिसऱ्या गाण्याला आला असं मी तोवर सगळ्यांना सांगत होतो. पहिल्याच गाण्याला आला होता. दोन गाणी मी मान खाली घालून मिक्सरवरचे फेडर बघत होतो.

एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईला ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, त्याआधी बंगळूरला. मी पदरचे पैसे घालून तिकीट काढलं. चार्ली वॉट्सचे केस पांढरे झालेले, पाठ तशीच ताठ. आजूबाजूचे लोक नाचत होते, मी त्यांच्या डोक्यांवरून स्टेजचा पाया आणि कठडा यांच्यामधली जमीन दिसते का ते बघत होतो. शेजारच्याने विचारलं, काका, काही पडलं का? मी म्हटलं, नाही, आहे का ते बघतोय. दिसली. चांगली ऐसपैस रिकामी पट्टी होती, तिच्यात दोन-तीन माणसं लोकांकडे तोंड करून उभी, गाण्याकडे पाठ. मग मी नाचलो.

कोल्हापूरला पोचलीस की जागेचा फोटो पाठव. स्टेजशेजारी कुणालातरी उभं करून काढ, म्हणजे उंची कळेल. लाइटवाला सहा फुटांचा आहे म्हणतेस, त्याला नको. तूच उभी राहा.

तुझा,
काका